अलाइनमेंट करूनही गाडी टायर खाते? पुन्हा मशीनवर चढवण्याआधी हे तपासा

साताऱ्यात हायवेला लागून आमचं टायर आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, दुकान आहे. गेल्या १६ वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक गाडीतून उतरतानाच ते ओळखू येतं: "दोनदा अलाइनमेंट केली हो, तरी गाडी टायर खातेच आहे."

यातल्या बऱ्याच गाड्यांना तिसऱ्या अलाइनमेंटचा काही उपयोग नसतो. कुणाच्या टायरात कायम चार-पाच पीएसआय हवा कमी असते, कुणाच्या चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटलेला असतो, कुणी ३० हजार किलोमीटर टायरची जागाच बदललेली नसते. मशीनच्या स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. टायरवर मात्र सगळं उमटलेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की टायर काढण्याआधी, फिरवण्याआधी तो नीट बघा. एकदा रोटेशन केलं, म्हणजे टायरांच्या जागा बदलल्या, की कुठल्या चाकाने कुठला टायर कसा खाल्ला हा पुरावाच पुसला जातो.

इथे लिहितोय ते मुख्यतः पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान तशाच आहेत. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांचं जिथे वेगळं आहे तिथे ते सांगतो.

लक्षणं

गाडी सपाट जागी लावा आणि स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. पुढच्या चाकाची आतली कड आता दिसायला लागेल. मोबाइलचा टॉर्च मारा. आधी डोळ्यांनी बघा, कारण तार बाहेर आलेली असेल तर बोट कापतं. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर.

मधला पट्टा झिजलाय आणि दोन्ही कडा चांगल्या आहेत: हवा जास्त आहे.

दोन्ही कडा झिजल्यात, मधे नक्षी शिल्लक आहे: हवा कमी आहे. गाडी सारखी घाटात जात असेल आणि पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा जास्त गेल्या असतील, तर ते वळणांचं घासणं असू शकतं.

एकच कड गेलीय, आतली किंवा बाहेरची: टो (चाकाचं पुढचं टोक आत-बाहेर वळणं) किंवा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर झुकणं) बिघडलाय, नाहीतर सस्पेन्शनमधला एखादा भाग सैल झालाय. यात आतली कड जास्त धोक्याची, कारण उभ्या गाडीत ती दिसतच नाही.

हात एका दिशेने गुळगुळीत फिरतो आणि उलट फिरवला की करवतीचे दात लागतात: हे टो बिघडल्याचंच काम. अशी गाडी ६०च्या पुढे 'घूं' असा आवाज करते. हा आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

थोड्या-थोड्या अंतरावर वाट्यांसारखे खोलगट भाग: शॉकअप गेलेत, बेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे, किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) बऱ्याच दिवसांपासून केलेलं नाही.

एकाच जागी सपाट चट्टा: चाक जाम होऊन घासलंय. करकचून ब्रेक दाबला गेला असेल, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक अडकतोय.

चालवताना जाणवणाऱ्या दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरणं हा बॅलन्सिंगचा विषय आहे. गाडी एका बाजूला ओढणं, किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहणं हा अलाइनमेंटचा विषय असू शकतो. थरथरणाऱ्या गाडीची अलाइनमेंट करून घेण्यात पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

आता खडूने चारही टायरांवर लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येकाचा फोटो काढा. नक्षीची खोली आत, मधे आणि बाहेर अशी तीन जागी मोजा. टायरवाल्याकडचं मापक मिळालं तर उत्तम, नाहीतर काडी खाचेत उभी धरून पेनने खूण करायची आणि पट्टीवर मोजायची. कारच्या नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेमध्ये रबराची एक उंच पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात मी त्याच्या बरंच आधी, ३ मिलिमीटरच्या आसपास, टायर बदलायला सांगतो. साचलेलं पाणी बाहेर काढायला खाचाच उरत नाहीत.

पहिली तपासणी: हवा

खर्च काही नाही आणि वेळ दहा मिनिटं. तरीही आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त चुकलेलं माप हेच.

किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. टायरवर '४४' किंवा '५१ पीएसआय' असा जो आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो बघून हवा भरली की मधला पट्टा वर्षभरात उघडा पडतो. तक्त्यात बहुधा दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. गावी जाताना पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर दुसरी ओळ बघा, परत आल्यावर पहिलीवर या. नंतर सीएनजी किट बसवून घेतलेल्या गाडीत टाकीचं वजन मागच्या चाकांवर कायमच असतं, तिथे मागच्या टायरांकडे जास्त लक्ष ठेवा.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय सहज वाढलेले असतात. ते वाढलेले पीएसआय काढून टाकले की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो. ऋतूचाही हिशोब आहे. तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो. मे महिन्यात बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चार पीएसआय कमी दाखवते, टायर कुठे गळत नसतानाही.

स्वतःचं मापक घ्या. दोन-चारशे रुपयांत मिळतं. तीन पंपांवरच्या तीन मापकांनी एकाच टायरचे तीन आकडे दाखवलेले मी पाहिलेत. नायट्रोजन भरला असेल तरी महिन्यातून एकदा मोजाच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे फार मोठा फरक पडत नाही.

आणि एकाच चाकातली हवा दर पंधरा दिवसांनी उतरत असेल तर आधी पंक्चर काढा. खिळा दिसत नसेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बघा, मग रिमच्या कडेला. त्या एका चाकाच्या कमी हवेमुळे गाडी त्या बाजूला ओढते आणि लोक अलाइनमेंटला येतात.

दुसरी: ओढतंय कोण, गाडी, रस्ता की टायर?

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे स्टेअरिंग सैल धरलं की गाडी हळूहळू डावीकडे सरकते. हा बिघाड नाही. रिकामा, सपाट, सरळ रस्ता मिळाला तरच ओढण्याची परीक्षा घ्या, हात स्टेअरिंगच्या जवळच ठेवून. सपाट रस्त्यावरही गाडी ठामपणे एकीकडे जात असेल तर पुढचं पाऊल टाका.

पुढच्या दोन चाकांची आपसात अदलाबदल करून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. टायरच्या आतले पट्टे किंचित सरकलेले असले की तो शंकूसारखा लोळतो आणि गाडीला आपल्या बाजूला ओढतो. बाजू तीच राहिली तर गाडीकडे बघायचं. शंभर-दोनशे रुपयांत होणारी ही चाचणी कितीतरी अलाइनमेंट वाचवते. मात्र टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.

ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तर तो ब्रेकचा प्रश्न आहे. इथून पुढचं वाचण्याआधी मेकॅनिककडे जा.

तिसरी: रोटेशन

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर तीन कामं करतात. गाडी ओढतात, वळवतात, आणि ब्रेकचा मोठा भारही तेच घेतात. इंजिनचं वजन त्यांच्यावर असतं ते वेगळंच. मागचे टायर नुसते मागून येतात. म्हणून पुढचे लवकर झिजणं हा दोष नाही, ती त्या गाडीची रचना आहे. रोटेशन त्या झिजेची वाटणी करतं.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला करा. सर्व्हिस १० हजारांवर असते, तिच्याबरोबर केलं की विसरायला होत नाही. रोज पसरणी किंवा कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाड्यांना मी ५-६ हजारांवरच बोलावतो. त्या गाड्यांचे सगळे कोन बरोबर असूनही पुढच्या बाहेरच्या कडा वळणांवर घासतात, त्याला मशीनकडे उत्तर नाही.

कुठला टायर कुठे जातो ते असं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे दोन्ही सरळ मागे जातात आणि मागचे दोन बाजू बदलून पुढे येतात. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत आणि फोर बाय फोरमध्ये उलट: मागचे सरळ पुढे, पुढचे बाजू बदलून मागे. रेडिअल टायर आडवे बदलायचेच नाहीत असं जुने मेकॅनिक अजून सांगतात. आताच्या रेडिअल टायरांना ती अडचण नाही. बाण असलेला टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागेच फिरतो. काही टायरांवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं, ते कुठेही लावता येतात, फक्त ती बाजू बाहेर राहिली पाहिजे. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

स्टेपनी बाकी चार टायरांच्या मापाची आणि तशाच रिमची असेल तर तिलाही क्रमात घ्या, पाचही टायर एकत्र म्हातारे होतील. अलॉय चाकांच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती रोटेशनमध्ये घ्यायची नाही. टायरचं वयही याच वेळी बघून घ्या. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. डिकीत नवीन दिसणारी स्टेपनी आठ-नऊ वर्षांची निघते, असं कितीतरी वेळा होतं.

घरी करायचं असेल तर हिशोब लक्षात घ्या: एक जॅक आणि एक स्टेपनी एवढ्यावर चारही टायर क्रमाने फिरवायचे तर गाडी पाच वेळा उचलावी लागते. आमच्याकडे लिफ्टवर ते काम पंधरा मिनिटांत होतं. तरीही घरीच करणार असाल तर पक्की, सपाट जमीन, हँडब्रेक, पहिला गिअर आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, गोल फिरत एकामागोमाग एक आवळू नका, रिम तिरकी बसते. पान्यावर उभं राहून नट आवळायचे नाहीत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोरावर, आवळायचे. ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. हवा नव्या जागेच्या तक्त्याप्रमाणे भरा, आणि गाडीत हवेचा सेन्सर असेल तर मॅन्युअल बघून तो पुन्हा सेट करा.

दोनच नवीन टायर घेतले तर ते मागे लावा. यावरून दुकानात रोज वाद होतो, कारण सगळ्यांना नवे टायर पुढेच हवे असतात. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की स्टेअरिंग पुन्हा धरतं. मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि नेहमीच्या ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. खंबाटकीच्या उतारावर पहिल्या पावसात दुभाजकाकडे तोंड करून थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून यावर मी माघार घेत नाही.

रोटेशनने खोट दुरुस्त होत नाही, एवढं मात्र पक्कं. आतून खाल्लेला टायर मागे टाकला तर पुढे आलेला चांगला टायर त्याच चाकावर तसाच खाल्ला जाईल. आता चारही जातील.

चौथी: बॅलन्सिंग, आणि त्याच्याही आधी पाण्याचा पाइप

स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी रिमची आतली बाजू धुवा. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गेलेल्या गाडीच्या रिममध्ये चिखल एका जागी चिकटतो, वाळतो, आणि दोन-तीनशे ग्रॅमचा गोळा चाकाबरोबर फिरत राहतो. जोराच्या पाण्याने तो काढला की बऱ्याचदा थरथर जागेवर थांबते. हे मी आधी फुकट सांगतो, मग मशीन लावतो.

धुऊनही थरथर राहिली तर रिमवर चौकोनी स्वच्छ डाग दिसतो का बघा. तिथे चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन (वेट) पडलेलं असतं. बॅलन्सिंग करा. चाक मशीनवर फिरत असताना स्वतः बाजूला उभे राहून रिमची कड बघा. ती वर-खाली किंवा आत-बाहेर होताना दिसली तर खड्ड्यात रिम वाकलीय. लोखंडी रिम दाबून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला असेल तर ती बदला, वेल्डिंग करून चालवू नका.

पाचवी: खेळ

गाडी टायर खाते आणि अलाइनमेंट मशीनची प्रिंट मात्र हिरवी, म्हणजे सगळी मापं बरोबर दाखवणारी, असते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी पाटणकडचे एक शिक्षक नुसती हवा भरायला आले. घरची चार माणसं गाडीत होती, कुंभार्ली उतरून चिपळूणला जायचं होतं. पुढचे टायर बाहेरून छान दिसत होते. सवयीने मी त्यांना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितलं आणि डाव्या टायरच्या आत टॉर्च मारला. आतली दोन बोटं रुंद पट्टी काळी, सपाट, एकही खाच नसलेली. तिच्या अगदी कडेला रबर संपून कापड दिसत होतं, आणि कापडातून दोन चकचकीत तारा बाहेर आलेल्या.

"गुरुजी, आज ही गाडी घाटात न्यायची नाही."

"अहो, पण नक्षी तर चांगली आहे. आणि दोन महिन्यांपूर्वीच अलाइनमेंट केलीय." त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्रिंट काढून दाखवली. सगळे आकडे हिरवे.

प्रिंट खोटी नव्हती. चाक उतरवून मी लोअर आर्मच्या मागच्या बुशला पहार लावून दाबलं, तर रबर सगळीकडून फाटलेलं आणि आर्म चार-पाच मिलिमीटर मागे-पुढे होत होता. मशीनवर गाडी उभी असते, त्यामुळे आर्म जागेवर बसलेला असतो आणि कोन बरोबर दिसतो. रस्त्यावर दर ब्रेकला तोच आर्म मागे ढकलला जातो, चाक बाहेरच्या दिशेला उघडतं आणि आतल्या कडेवर घासत जातं. ते दोन महिने रोज शाळेत जाऊन-येऊन टायर असा खाल्ला गेला. आम्ही बुश बदलले, दोन टायर घातले, मग अलाइनमेंट केली, आणि गुरुजी संध्याकाळी निघाले. त्या आधीच्या दुकानात पहार लावून बघायला पाच मिनिटं लागली असती.

तुम्ही एवढं तपासू शकता. गाडी जॅकवर घ्या आणि खाली जॅक स्टँड लावा. जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. चाक वर आणि खाली धरून, घड्याळाच्या १२ आणि ६ वर, हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा). कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक ३ आणि ९ वर धरून हलवा. तिथे टकटक लागली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक. सांध्यांवरचे रबराचे बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का, शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का, टॉर्चने बघा. शेवटी गाडी जमिनीवर ठेवून कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेलेत.

यातला कुठलाही खेळ सापडला की अलाइनमेंट थांबवा. आधी भाग बदला. खेळ ठेवून केलेल्या अलाइनमेंटचे पैसे पहिल्या खड्ड्यापर्यंतच पुरतात.

शेवटची: अलाइनमेंट

सरळ उभे राहून पायांचे चवडे आत वळवा: तो टो इन. बाहेर वळवा: टो आउट. चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं म्हणजे कॅम्बर. कॅस्टर नावाच्या तिसऱ्या कोनामुळे स्टेअरिंग वळणानंतर सरळ येतं, टायर तो फारसा खात नाही. टायरचा खरा शत्रू टो. चाक फक्त पाव अंशाने तिरकं असेल, म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक, तरी दर किलोमीटरला हिशोबाने चार मीटर ते आडवं ओढलं जातं. १० हजार किलोमीटरमध्ये हे ४० किलोमीटरच्या वर जातं. इतका कोन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून इथे मशीनच लागतं. दोरी लावून टो बांधणारे जुने हात होते, पण आता घरी टाय रॉडला पाना लावू नका.

दर १० हजार किलोमीटरला, नवीन टायर घातल्यावर, स्टेअरिंग किंवा सस्पेन्शनचं काम झाल्यावर, आणि मोठा खड्डा जोरात आदळल्यावर अलाइनमेंट करून घ्या. ऊसतोडीच्या हंगामानंतर आमच्याकडच्या आतल्या रस्त्यांची जी अवस्था होते, त्यात मार्च-एप्रिलमध्ये एकदा बघून घेतलेलं चांगलं.

दुकानात स्वतः उभे राहा. काम करणाऱ्याने आधी हवा तपासली का? चाकांचा खेळ बघितला का? चाकाला मशीनचे क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवून किंवा गाडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा वजा केला का? स्टेअरिंग सरळ करून लॉक केलं का? दोन्ही टाय रॉड फिरवले की एकाच बाजूने भागवलं? एकाच बाजूने टो जुळवला की आकडा हिरवा येतो आणि स्टेअरिंग तिरकं राहतं. लॉक नट आवळले का? दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही मापं प्रिंटवर मागा. नुसती नंतरची असेल तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

आता कॅम्बरबद्दल. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कॅम्बर कमी-जास्त करायची सोयच नसते. तो बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय: शॉकअपचा दांडा, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), आर्म किंवा खालची फ्रेम. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअपच वाकवून आकडा हिरवा करतात. हे करू देऊ नका. वाकवलेला भाग कमजोर होतो आणि मूळ वाकलेला भाग तसाच आत राहतो. मागच्या चाकांचंही तेच. छोट्या गाड्यांचा मागची दोन चाकं जोडणारा बीम सहसा अॅडजस्ट होत नाही, मागचे आकडे लाल असतील तर बीम किंवा त्याचे बुश तपासायचे.

सगळं झाल्यावर १,००० किलोमीटरनी त्याच तीन जागी नक्षी पुन्हा मोजा. आधीची मापं लिहून ठेवलेली असतील तर एवढ्या अंतरात तिन्ही जागी झीज सारखीच, अगदी थोडी दिसली पाहिजे. एक कड अजून पुढे पळत असेल तर परत त्याच दुकानात दोन्ही मापं घेऊन जा.

इथे थांबा, गाडी मेकॅनिककडे द्या

टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्म किंवा बेअरिंगमध्ये खेळ सापडला तर. बॉल जॉइंट सुटला की चाक गाडीखाली दुमडतं, त्यामुळे यात 'पुढच्या महिन्यात बघू' नको.

कॅम्बर बाहेर गेलाय आणि गाडीचा अपघात झालेला असेल, किंवा जुनी गाडी घेतली असेल आणि आधीचं काही माहीत नसेल तर. तिथे बॉडीशॉपमध्ये फ्रेम मोजून घ्यावी लागते.

ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल, किंवा चालवून आल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागत असेल तर.

नट फिरतोय पण आवळला जात नाही, किंवा बोल्टचे आटे गेलेत, तर त्या चाकावर गाडी चालवू नका.

टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर. आतले धागे तुटलेले असतात, तो टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाल्याने पॅच मारतो म्हटलं तरी.

आणि कुठेही कापड किंवा तार दिसली तर आमच्या दुकानापर्यंतसुद्धा त्या टायरवर येऊ नका. आहे त्या जागी स्टेपनी लावा, तिची हवा बघा, आणि मग हळू या.